चमचा पडला तरी सॉरी, माणूस गेलं तरी सॉरी

सांगलीच्या गावभागातून एका वाचकांचं पाच पानी पत्र आलंय. वय ६६. हळदीच्या अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होते. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर यांच्या पत्नी पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या. एका रात्री छातीत जळजळ, पाठीत कळ, मळमळ सुरू झाली. पित्त असेल म्हणून त्या झोपल्या. पहाटे सुनेला जाग आली तेव्हा त्या घामानं भिजल्या होत्या. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. हे सकाळी पुण्याला पोचले तर दारातच सुनेनं हात धरला आणि म्हणाली, "आय अ‍ॅम सॉरी, बाबा."

त्याला दहा महिने झाले. यांचं म्हणणं असं की चूक नसती तर माणूस माफी कशाला मागेल? म्हणजे उशीर तिच्यामुळं झाला आणि तिनं तो दारातच कबूल केला. तेव्हापासून तिच्याशी बोलणं 'हो', 'नको', 'ठेव तिथं' एवढंच. मे महिन्यात मंडळी सांगलीला आली, तेव्हा यांच्या ध्यानात आलं की ही दिवसभर सॉरी म्हणते. ताटली वाजली, सॉरी. टीव्हीपुढून गेली, सॉरी. त्यांच्याच शब्दांत: "घरात सॉरीचं पेव फुटलंय. चमचा पडला तरी सॉरी आणि माझी बायको गेली तरी सॉरी. दोन्हीला एकच भाव?" त्यात सहा वर्षांच्या नातीनं शिकवलं, "आजोबा, आईनं सॉरी म्हटलं की तुम्ही इट्स ओके म्हणायचं असतं." मुलगा कायमचं पुण्याला या म्हणतोय, वर्षश्राद्ध तोंडावर आलंय. यांचे प्रश्न दोन. त्या सॉरीचा अर्थ काय घ्यायचा? आणि तिला माफ करायची ताकद अंगात नसेल तर करायचं काय?

दिवाणजी, नमस्कार.

'दोन्हीला एकच भाव' या तुमच्या शब्दांपाशी मी थांबले. पत्र तिथंच घडी घालून ठेवलं, चहा करून आणला आणि मग पुढं वाचलं. तुमच्या रागाचं नेमकं दुखणं तिथं आहे असं मला वाटतं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात करते.

हळकुंड, गड्डा आणि कणी एकाच पोत्यात भरून कुणी तुमच्यासमोर सौद्याला ठेवली असती, तर तुम्ही पोतं उपडं करून आधी निवडायला लावलं असतं. सॉरी हे तसंच पोतं आहे. इंग्रजीनं त्यात पाच-सहा जातींचा माल एकत्र भरलाय. आपण वर हात घातला, चुकीची कबुली हाताला लागली, आणि सगळं पोतं तेच आहे असं धरून चाललो.

माझीच एक फजिती सांगते. साताऱ्याहून मुंबईला पहिल्या नोकरीला गेले तेव्हा फोनवर बोलायचं काम होतं. पलीकडचा माणूस मधेच म्हणायचा, "सॉरी?" मी मोठ्या मनानं म्हणायची, "इट्स ओके." तो परत म्हणायचा, "सॉरी?" मी परत माफ करायची. आठवडाभर मी मुंबईतल्या निम्म्या माणसांना माफ करत होते. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी कानात सांगितलं, अगं, तो 'काय म्हणालात, ऐकू आलं नाही' असं म्हणतोय.

ही एक जात झाली. गर्दीत वाट काढताना म्हणतात ती दुसरी, म्हणजे आपलं 'जरा सरका हो'. बोलणाऱ्याला मधे तोडताना म्हणतात ती तिसरी. ताटली वाजल्यावरची चौथी, तिचं मराठी फार तर 'अगं बाई' होईल. आमच्या आज्यांचा पाय कुणाला लागला तर त्या वाकून त्या माणसाला हात लावायच्या आणि तोच हात स्वतःच्या डोळ्यांना लावायच्या. तोंडानं चकार शब्द नाही. ताटलीचं सॉरी हे साधारण त्या खुणेच्या जागी आलंय. तिनं ते म्हटलं म्हणजे तिला काही पश्चात्ताप झाला असं नाही, आणि ती खोटं बोलली असंही नाही. इंग्रजी शाळेत आणि ऑफिसात वाढलेल्या माणसाच्या जिभेचं ते वळण असतं. त्याचा हिशेब ठेवू नका.

खरं चुकलंय म्हणून म्हटलेलं सॉरी निराळं. आणि कुणी गेल्यावर म्हणतात ते त्याहून निराळं. पुण्याच्या दारातलं ते हे शेवटचं असावं, असं मला वाटतं.

हा शब्द मुळातच दुखण्याचा आहे. जुन्या इंग्रजीत तो 'सारिग' असा होता. 'सार' म्हणजे जखम, वेदना, आणि त्यावरून 'सारिग' म्हणजे दुःखानं भरलेला. दुखऱ्या जागेला आज इंग्रजीत 'सोअर' म्हणतात, तो याचाच सख्खा भाऊ. दुःख या अर्थाचा 'सॉरो' मात्र वेगळ्या मुळाचा, नुसता तोंडवळा सारखा. म्हणजे आधी दुःख आणि माफी नंतर, असा या शब्दाचा प्रवास आहे, आणि जुना अर्थ अजून गेलेला नाही. इंग्रजी बोलणारा माणूस समाचाराला जातो तेव्हा 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणतो. त्या घरच्या माणसाला त्यानं मारलं असं तिथं कुणाच्या मनातही येत नाही.

हा घोटाळा तुमच्या एकट्याचा आहे असंही समजू नका. ज्यांची ती मायबोली, त्यांचाही होतो. ऑस्ट्रेलियात आदिवासींची मुलं सरकारनं आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ साली तिथल्या संसदेनं खेद व्यक्त केला, पण 'सॉरी' हा शब्द काही घातला नाही, कारण तो म्हटला की दोष कबूल केल्यासारखं होईल अशी धास्ती. तो शब्द संसदेत उच्चारला गेला १३ फेब्रुवारी २००८ ला, पंतप्रधान केव्हिन रड यांच्या तोंडून. कॅनडात तर ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं २००६ साली आणि ऑन्टारिओनं २००९ साली कायदाच केला की कुणी सॉरी म्हटलं म्हणून कोर्टात ती चुकीची कबुली धरायची नाही. त्यात सहानुभूतीचे शब्दही येतात. कायदा करायची वेळ यावी, इतका हा शब्द दोन डगरींवर उभा आहे.

आता आपल्या बाजूनं बघू. कुणी गेलं की मराठीत आपण काय म्हणतो? आठवून बघा, तुमच्या दारात त्या तेरा दिवसांत लोक काय म्हणाले. 'काय बोलायचं', 'सोन्यासारखं माणूस गेलं', 'आता पोरांकडं बघून सावरा'. निम्मे तर काहीच न बोलता बसून उठून गेले असतील. आपल्याकडं त्या वेळेला बोलायचा एक ठरलेला शब्दच नाही. बसून राहायची रीत आहे. तुमच्या सुनेनं तुम्हाला दारात पाहिलं तेव्हा घरात सासूबाई होत्या, म्हणजे नव्हत्या. ती पहाटेपासून जागी. समोर सासरा. तिच्या जिभेवर जो शब्द आला तो इंग्रजी होता. तिला मराठीत म्हणायचं असतं तर ती काय म्हणाली असती, याचा विचार मी दोन दिवस करतेय. 'बाबा, काय झालं हो हे' असं काहीतरी असेल बहुतेक.

बहुतेक म्हणते. खात्री देत नाही, कारण मी तिथं नव्हते, आणि तुम्हीही तिला विचारलेलं नाही. उशीर झाल्याची बोच त्या शब्दात मिसळलेली असूही शकते. ज्याच्या घरात माणूस जातं त्याला ती बोच लागतेच, त्यानं काही केलेलं असो वा नसो. पण बोच वेगळी आणि गुन्हा वेगळा. तुम्ही कच्च्या वहीतली नोंद पावती न बघता पक्क्या वहीत चढवलीय, आणि दहा महिने तिच्यावर व्याज लावताय. तुमच्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर त्याला काय म्हणाला असता?

जरा डॉक्टरी बोलते, कारण हे इतर घरांनाही कामाचं आहे. बायकांना झटका येतो तेव्हा छातीत कळ असतेच असं नाही. असली तरी तिच्या जोडीला मळमळ, पाठ, खांदा किंवा जबडा दुखणं, दम लागणं, नुसता गळाठा, अशी लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात; थंड घाम दोघांनाही सुटतो. घरोघरी त्याला पित्त म्हणतात आणि ओव्याची चिमूट देतात. ती बाईही स्वतः तेच म्हणते, कारण रात्री अकराला पोराला उठवायचं तिच्या जिवावर येतं. अशा वेळी कुणाचं न ऐकता १०८ ला फोन करायचा. हे तुमच्या सुनेला त्या रात्री माहीत असायला हवं होतं का? हवं होतं. तुमच्या मुलाला? तोही घरातच होता. तुमच्या पत्रात त्याच्यावर ठपक्याची एक ओळ नाही, हे मी मुद्दाम दोनदा तपासलं.

आणि आता ती गोष्ट, जी लिहू की नको असं मला झालं होतं. पत्र संपलं, सही झाली, आणि त्याखाली बारीक अक्षरात ताजा कलम आहे. "रात्री साडेनऊला तिचा मला फोन आला होता. पित्त झाल्यागत वाटतंय म्हणाली. बातम्या चालू होत्या. मी म्हणालो, सोडा घे आणि पड."

दिवाणजी, अडत्याच्या बिलावर त्या जागी काय असतं? चु. भू. द्या. घ्या. तुम्ही ३८ वर्षं बिलांच्या तळाला ते लिहिलंत किंवा छापलेलं बघितलंत. चूकभूल द्यावी घ्यावी. त्यात 'घ्यावी' सुद्धा आहे. तुमचा हात सवयीनं त्या जागी गेला आणि जे पाच पानांत मावलं नाही ते तिथं उतरलं.

तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाहीये. त्या रात्री तुमच्या पत्नींसकट सगळ्यांनी पित्तच म्हटलं. पण तो फोन तुम्ही दहा महिने एकट्यानं सांभाळलाय. सुनेच्या सॉरीत तुम्हाला कबुली ऐकू आली, त्याचं एक कारण हेही असेल की कबुली तुमच्या स्वतःच्या कानात आधीपासून घुमत होती. मी चुकत असेन, तर मला खुशाल सुनावा.

करायचं काय, ते आता सांगते. एक वाट म्हणजे आहे तसंच चालू द्यायचं. त्याचा खर्च तुमच्या नातीवर पडतोय, तिनं माफीचा नियम तुम्हाला शिकवायला घेतला तेव्हाच ते दिसलं. दुसरी वाट, मुलाला मधे घालायचं. नको. तो दोन्हीकडून निरोप्या होईल आणि त्याचं स्वतःचं आईचं दुःख बाजूलाच राहील. तिसरी, 'मी तुला माफ केलं' म्हणून मोठेपणानं मोकळं व्हायचं. ही सगळ्यांत वाईट. माफ करायला आधी चूक ठरावी लागते, आणि ठरलेली नसताना माफी दिली तर तो शिक्काच बसतो. ताकद नाही म्हणता ना? बरंच आहे. त्या ताकदीची अजून गरजच पडलेली नाही.

उरलं समोरासमोर बोलणं. त्याची घाई नको. हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं तुम्हाला मी काय सांगणार. पेवाचं तोंड उघडलं की कुणी लगेच आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात, कारण कोंडलेल्या हवेनं माणसं गेलीत. तुम्ही पत्र लिहिलंत, म्हणजे तोंड उघडलंत. चार दिवस जाऊ द्या. मग वर्षश्राद्धाच्या आधी पुण्याला जा. त्याच दिवशी, भटजी आणि पाहुण्यांच्या गर्दीत हा विषय काढू नका. नात शाळेत आणि मुलगा कामावर असेल अशी दुपार बघा.

तिला 'तू का नाही नेलंस' असं विचारू नका, आणि 'तुझ्या सॉरीचा अर्थ काय' असंही नको. कुणालाही दहा महिन्यांपूर्वीच्या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही. सुरुवात तुमच्या बाजूनं करा: "त्या रात्री मला तिचा फोन आला होता." एवढंच म्हणा आणि गप्प बसा. पुढचं ती सांगेल. कदाचित ती रडेल, कदाचित म्हणेल की तीन वाजता एकदा कण्हण्याचा आवाज आला होता आणि मी कूस बदलली. तसं काही आलं तर लगेच 'जाऊ दे' म्हणून बोळा घालू नका आणि निवाडाही देऊ नका. "बरं केलंस सांगितलंस" एवढं पुरे. रागच आला तर उठून गॅलरीत जा, पण त्या दिवशी सांगलीची गाडी धरू नका.

तुम्ही लिहिलंय, "आमच्या ३९ वर्षांच्या संसारात सॉरी हा शब्द कधी आला नाही." अभिमानानं लिहिलंय. मग भांडण मिटायचं कसं? मी सांगते. दुसऱ्या दिवशी तुम्ही न सांगता मेथीची जुडी आणून ओट्यावर ठेवत असाल, नाहीतर त्या चहाचा कप जरा जोरात आदळून का होईना, पण वेळेवर देत असतील. आपल्या घरांतून माफी बहुतेक वेळा चहातून फिरते. म्हणून तिसऱ्या पानावरची तुमची तक्रार मला फार बोलकी वाटली: "चार वाजता न विचारता बिनसाखरेचा चहा आणून ठेवते, मी गार करून ओततो." तुम्हाला साखर चालत नाही हे तिनं ध्यानात ठेवलंय. तिची जीभ इंग्रजी असेल, पण हा चहा तुमच्याच बोलीतला आहे.

सांगलीच्या बाजारात उभा जन्म गेला तुमचा, जैन शेतकरी आणि व्यापारी कितीतरी ओळखीचे असतील. दशलक्षण पर्व संपलं की ते क्षमावणीला दारोदार जातात, हात जोडून म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा. तुम्हालाही म्हटलं असेल, गेल्याच महिन्यात. तेव्हा 'म्हणजे यानं वजनात मारलं वाटतं' असा संशय तुम्हाला आला होता का? तिथं कुणी चूक दाखवत नाही, कुणी हिशेब मागत नाही. समोरचाही उलट तेच म्हणतो. ते दहा दिवस सुरूच होतात ते उत्तम क्षमेपासून.

हे सदर वाचणाऱ्या सुना-मुलांनाही दोन शब्द. वडीलधाऱ्यांशी सॉरी म्हणाल तर पुढं एक मराठी वाक्य जोडा. चुकलं असेल तर 'माझं चुकलं, गॅस मीच चालू ठेवला, आता निजताना बघून झोपेन.' दुःखाचं असेल तर 'फार वाईट झालं, काकूंच्या हातची शेंगोळी मला कायम आठवतील.' गेलेल्या माणसाचं नाव घ्या, एक आठवण सांगा. मोबाइलवर 'सो सॉरी' आणि जोडलेले हात पाठवून सुटका होते ती पाठवणाऱ्याची. आणि 'सॉरी, पण' असं सुरू होणारं वाक्य तर बोलूच नका. ते सॉरी तो 'पण' गिळून टाकतो.

नातीला काय सांगायचं? तिला खरं तेच सांगा. सॉरी म्हटल्यावर इट्स ओके म्हणायलाच पाहिजे असं नाही, 'मला अजून वाईट वाटतंय' असंही म्हणता येतं. सहाव्या वर्षी हे कळलं तर पुढं तिचं बरंच सोपं जाईल.

पुण्याला कायमचं जायचं की नाही, हे यात गुंतवू नका. तो प्रश्न गुडघ्यांचा, पेन्शनचा आणि आयर्विन पुलावरच्या संध्याकाळच्या फेरीचा आहे. त्याला वेगळं पत्र लिहा.

आणि जायच्या आधी येतोय म्हणून फोन करा. मुलाला नको, तिला करा. चार वाजताच्या चहाला पोचतो म्हणून सांगा.